हात न लावता भाजी कशी निवडायची?

"ताई, मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. गेल्या दिवाळीनंतर लग्न होऊन बर्लिनला आले. शार्लोटेनबुर्गमध्ये राहतो. माहेर सांगलीचं, त्यामुळे टोमॅटो दाबून, भेंडीचं टोक मोडून, दुधीला नख लावून घ्यायची सवय लहानपणापासूनची. घराजवळ कार्ल-आउगुस्ट-प्लात्सला चर्चभोवती बाजार भरतो, तिथे हौसेने गेले. एक टोमॅटो उचलून बघितला तर ठेल्यावरची बाई सगळ्यांसमोर ओरडली. जर्मन फारसं कळत नाही, सूर मात्र कळला. नंतर दुसऱ्या ठेल्यावर भाव जरा कमी करा म्हणून खुणेनं विचारलं तर तो माणूस नुसता बघत राहिला. तेव्हापासून तिकडे फिरकले नाही. नवरा म्हणतो, खालीच सुपरमार्केट आहे, स्वस्तही आहे, कशाला तो खटाटोप. पण मे महिन्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी येतायत. त्यांना रोज पालेभाजी लागते, आणि इंडियन स्टोअरमधली मेथी-भेंडी घेताना जीव वर-खाली होतो. त्या फोनवर विचारतायत, येताना काय काय आणू? मला एवढंच सांगा, ती बाई मी परदेशी म्हणून ओरडली का? आणि परत जाऊ का?"
— सांगलीची, मुक्काम बर्लिन

जा. आणि पहिल्यांदा जाशील तेव्हा त्याच बाईकडे जा.

आधी तुझ्या मनाला लागलेली गोष्ट घेते. ती परदेशी म्हणून ओरडली का? मी तिथे नव्हते, त्यामुळे छातीठोकपणे सांगणार नाही. पण टोमॅटो उचलल्यावर ओरडली असेल तर बहुधा नाही. मी याच शहरातल्या बाजारात ऐंशीच्या घरातल्या, जन्माने बर्लिनच्या आजीबाईंना पीच दाबून बघितल्याबद्दल बोलणी खाताना पाहिलंय. आजीबाईंनीही उलट सुनावलं, आणि मग दोघींनी हसत हसत व्यवहार पुरा केला. बर्लिनची माणसं फटकळ. त्या फटकळपणाला इथे 'बर्लिनर श्नाउत्सं' असं नावच आहे आणि तो ही मंडळी मिरवतात. दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेले जर्मनसुद्धा सुरुवातीला बिचकतात, तर आपली काय कथा!

ओरडणं वेगळं, डावलणं वेगळं. तुझा नंबर असताना तुझ्या डोक्यावरून मागच्याला विचारलं, बाकीच्यांना चांगलं देऊन तुझ्या पिशवीत पिचकं टाकलं, आणि हे पुन्हा पुन्हा झालं, तर तो ठेला सोडून दे. बाजारात शेजारी दुसरा असतो. कुणाला सुधारायला आपण पिशवी घेऊन निघालेलो नसतो.

मात्र नंबरावरून एक सांगते, कारण इथेच नव्या माणसाचा घोटाळा होतो. ठेला लांबलचक असतो, माणसं त्याच्यासमोर पसरून उभी असतात, आणि रांग अशी दिसतच नाही. तरी ती असते. आपल्या आधी कोण आलं हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असतं. विकणारी "व्हेअर इस्ट ड्रान?" असं विचारते, म्हणजे कुणाचा नंबर. तू शेजारच्या बाईकडे बोट दाखवून "त्यांचा" असं सुचवलंस की ती बाई तुझ्यावर खूश, विकणारीही खूश. फुकटात एवढी किंमत दुसऱ्या कशाने मिळणार नाही.

आता त्या टोमॅटोचं. आपल्याकडे निवडणं हे गिऱ्हाइकाचं काम असतं. भाजीवाल्याने पाटीत सगळा माल ओतलेला असतो, चांगला-वाईट एकत्र, आणि तू निवडून घेणार हे त्याने भावात धरलेलंच असतं. युरोपात माल बाजारात यायच्या आधीच निवडलेला असतो. पाटीवर भावाबरोबर देश लिहिलेला असतो, बऱ्याच मालावर प्रतवारीही. देश लिहिणं तर कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यामुळे ढिगातला प्रत्येक नग सारखाच असं विकणारा धरून चालतो, आणि तू चार दाबून पाचवा घेतलास तर ते चार डाग पडून त्याच्या गळ्यात. आठवड्याच्या बाजारात, ज्याला इथे वोखेनमार्क्ट म्हणतात, ठेला हा दुकानाचा गल्ला समजायचा. गल्ल्यापलीकडच्या वस्तूला आपण हात घालत नाही, तसंच.

मग निवडायचं कसं? तोंडाने. भाजीचं नाव आणि वजन एवढंच सांगून थांबू नकोस, ती कशासाठी हवी ते सांग. "इश हेटं गेर्न" म्हणजे "मला हवंय" एवढ्याने सुरुवात कर, आणि पुढे जोड: आज संध्याकाळी खायचंय, की तीन दिवसांनी. टोमॅटो सारासाठी हवेत की कोशिंबिरीसाठी. हे जर्मनमध्ये मोडकंतोडकं बोललीस तरी चालेल. "फ्युअर झुपं" म्हटलंस की ती बाई मागच्या खोक्यातले लालभडक, मऊ पडलेले टोमॅटो काढून देईल, जे मांडलेल्या ढिगात नसतातच, आणि पुष्कळदा ते कमी भावाने देईल. हाताने निवडणाऱ्याला ते खोकं कधी दिसतच नाही.

वजनाच्या बाबतीत एक सोय आहे. जुनी माणसं इथे 'फुंड' या मापाने मागतात. जर्मन फुंड म्हणजे बरोबर ५०० ग्रॅम. तेव्हा "आइन फुंड" म्हण, अर्धा किलो मिळेल, आणि तू पर्यटक नाहीस हे समोरच्याला कळेल.

आता बटाटा. तो सगळ्यांत सोपा समजून लोक कुठलाही उचलतात, आणि मग वडा फुटला की तेलाला नावं ठेवतात. जर्मन माणूस बटाट्याच्या बाबतीत आपण तांदळाच्या बाबतीत असतो तेवढाच काटेकोर. इथे बटाटा तीन जातींत विकतात: शिजल्यावर घट्ट राहणारा 'फेस्टकोखेंड', मधला 'फोरव्हीगेंड फेस्टकोखेंड', आणि पिठूळ होणारा 'मेलिश कोखेंड'. सुपरमार्केटच्या पाकिटांवर साधारणपणे त्यांचे रंगही ठरलेले असतात, पहिल्याला हिरवा, दुसऱ्याला लाल, तिसऱ्याला निळा. काचऱ्या, रस्सा, उपासाची भाजी यांना हिरवा. बटाटेवडा, आलू पराठा, साबुदाणा वडा यांना निळा. लाल म्हणजे तडजोड, धड हे नाही नि धड ते नाही. घरात एकच पिशवी ठेवायची असेल तर तो घे. बाजारात रंग नसतात, पाटीवर शब्द असतो, किंवा सरळ विचारायचं.

बाजारात गेल्यावर 'लिंडा' दिसते का बघ. हा पिवळसर, चवीला लोण्यासारखा बटाटा. १९७४ साली त्याची नोंदणी झाली होती. २००४ च्या अखेरीस बियाणं कंपनीने ती नोंदणी मागे घेतली, म्हणजे हळूहळू तो बाजारातूनच गेला असता. तेव्हा शेतकरी आणि खाणारे दोघेही इरेला पेटले. 'लिंडा वाचवा' म्हणून इथे चक्क मोहीम चालली, आणि २०१० मध्ये तिला पुन्हा मान्यता मिळाली. एका बटाट्यासाठी कोर्टकचेरी करणारे हे लोक तुझ्या टोमॅटो दाबण्यावर का चिडले, हे आता लक्षात येईल. लिंडा घट्ट जातीची आहे. नुसतं जिरं, मिरची आणि लिंबू घालून भाजी कर, सासूबाई विचारतील हा कुठला बटाटा.

लिंबावरून आठवलं. सासूबाई लोणचं घालणार असतील तर लिंबं साधी घेऊ नकोस. इथली पुष्कळशी लिंबं तोडल्यावर बुरशीनाशकाने आणि मेणाने प्रक्रिया केलेली असतात, आणि तसं पाटीवर लिहावं लागतं. सालीसकट खायचं तर 'उनबेहांडेल्ट', म्हणजे प्रक्रिया न केलेली, किंवा सरळ सेंद्रिय घे. सरबताला साधी चालतात.

आता पालेभाजीकडे येते, कारण तुझं खरं दुखणं तेच आहे.

पहिली गोष्ट तुझ्या जवळच्या बाजारातच फुकट पडलेली आहे. नवलकोल इथे ढीगभर येतो, कोलराबी म्हणतात, आणि उन्हाळाभर असतो. ठेल्यावरची बाई एका हातात गड्डा धरते, दुसऱ्या हाताने पाला मुठीत घेऊन एकदा पिळते, खट्ट आवाज येतो आणि पाला खालच्या खोक्यात. त्याआधी ती विचारते, "ग्र्यून आप?" म्हणजे पाला काढू का. बहुतेक लोक मान हलवतात. त्या खोक्यातला पाला दिवसअखेर घरी ससे पाळणारे लोक घेऊन जातात. नवलकोलाचा कोवळा पाला, मुळ्याचा पाला, बिटाचा पाला, सगळा तिथे. तू म्हण, "मिट ग्र्यून, बिटं", पाल्यासकट द्या. आणि दोन-तीन आठवड्यांनी ओळख झाली की सांग की आम्ही हा खातो, डाळ घालून, लसणाची फोडणी देऊन. आधी तिला गंमत वाटेल. नंतर ती तुझ्यासाठी वेगळा काढून ठेवेल. सशांचं थोडं कमी पडेल, त्याला इलाज नाही. फक्त पाला ताजा, तुकतुकीत असेल तेवढाच घे, आणि घरी आल्यावर लगेच गड्ड्यापासून वेगळा कर, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळं मलूल.

एका पानाबद्दल मात्र सावध राहा. ते रुबार्बचं. मे-जूनमध्ये त्याचे लाल-हिरवे दांडे सगळीकडे दिसतील. दांडा आंबटढाण, कैरीच्या जवळ जाणारा. मेथ्या, हिंग, गूळ घालून त्याचा मेथांबा फक्कड होतो, आमटीत आंबटाला चालतो, पण क्षणात विरघळतो, म्हणून शेवटी घालायचा. त्याचं पान मात्र विषारी असतं. सासूबाईंना अळूसारखं मोठं पान दिसलं की फतफतं करायचा मोह होईल, तेव्हा आधीच सांगून ठेव. असाच सावधपणा 'बेअरलाउख'बद्दल. ही रानलसणाची पानं, वसंतात येतात, लसणीच्या पातीची चटणी करतो तशी शेंगदाणे घालून करायची. लोक ती जंगलात जाऊन तोडतात, पण तिथे तशाच दिसणाऱ्या विषारी पानांशी गल्लत होते. तू आपली बाजारातून जुडी घे.

दुसरी जागा म्हणजे माइबाखउफरचा बाजार, नॉयकोल्नमध्ये, लांडव्हेअर कालव्याच्या काठाने. मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. सगळे त्याला तुर्की बाजार म्हणतात. १९६१ च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला, त्यानंतर जी कुटुंबं इथे आली त्यांच्यापैकी पुष्कळ क्रॉयत्सबेर्ग आणि नॉयकोल्नमध्ये राहिली. त्यांना जे खायला हवं होतं ते या बाजारात आलं, आणि ते आपल्याला हव्या असलेल्या गोष्टींशी थक्क करण्याइतकं जुळतं. इथे तुला सांगलीची आठवण येईल: आरोळ्या, धक्काबुक्की, "एक युरो, एक युरो" असा गजर, आणि पसरट वाटग्यांत मांडलेला माल. हात लावण्याबाबतही इथे जरा सैल कारभार असतो. तरी आधी इतर बायका काय करतायत ते बघ आणि मग लाव.

इथे शोधायच्या गोष्टी सांगते. 'डेरेओतू' म्हणजे शेपू, मोठ्या जुड्यांनी मिळतो. सुपरमार्केटमध्ये तोच शेपू चार काड्या प्लास्टिकच्या डबीत घालून विकतात, ती डबी बघून सासूबाईंना हसू येईल. कोथिंबीर आणि पुदिन्याच्या जुड्याही तशाच भरघोस. कोथिंबीर आणि पार्सली शेजारी शेजारी असतात आणि लांबून सारख्या दिसतात. इथे वास घेतलास तर कुणी ओरडणार नाही, घे. आणि 'सेमिझोतू'. जाड, रसरशीत पानं, तांबूस देठ, चवीला किंचित आंबट. ती आपली घोळ आहे. उन्हाळ्यात येते. तुर्की लोक दह्यात कालवून खातात, आपण डाळ-दाणे घालून पातळ भाजी करू. सासूबाई कुठल्याही गावच्या असोत, बर्लिनच्या कालव्याकाठी घोळ बघून त्यांना जो आनंद होईल तो इंडियन स्टोअरमधल्या दमलेल्या मेथीने होणार नाही.

भेंडीही तिथे मिळते, 'बाम्या' म्हणून, बोटाच्या पेराएवढी छोटी. मोठी मिळाली तर घे, पण छोटीची भरली भेंडी करायचा नाद करू नकोस, सगळा दिवस जाईल. भरल्या वांग्यांसाठी जवळच्याच झोनेनआलेवरची अरबी दुकानं बघ. त्यांच्याकडे छोटी वांगी असतात, कारण त्यांच्यातही ती अक्रोड भरून तेलात मुरवतात. ताजी मेथी हवीच असेल तर इराणी दुकानात विचार. त्यांच्या एका प्रसिद्ध पालेभाजीच्या मटणात मेथी लागतेच, त्यामुळे ताजी नाही तरी गोठवलेली किंवा वाळवलेली मिळते. कारली, दोडका, गवती चहा हे व्हिएतनामी लोकांकडे. लिष्टेनबेर्गमधल्या डोंग शुआन सेंटरमध्ये एकदा सासूबाईंना घेऊन जा, अर्धा दिवस काढून. पूर्व जर्मनीच्या काळात कामगार म्हणून आलेल्या व्हिएतनामी लोकांची वस्ती त्या बाजूला आहे. तिथल्या गोदामवजा दालनांत हिंडताना आपण युरोपात आहोत हे विसरायला होतं.

तुर्की बाजारातल्या वाटग्यांबद्दल मात्र डोळे उघडे ठेव. एक-दोन युरोला वाटगंभर मिरच्या किंवा वाटगंभर टोमॅटो मिळतात, कारण तो माल आज संपायचा आहे. वर चार चांगले, खाली काय आहे ते ओतताना दिसतं. आज रात्री शिजवणार असशील तर उत्तम सौदा. आठवडाभर पुरवायचं असेल तर घेऊ नकोस. शेवटच्या तासात भाव आणखी पडतात, खोकंच्या खोकं उचलायला देतात. आंबे, पीच, सिमला मिरची यांत हे विशेष. पण पालेभाजीसाठी शेवटच्या तासाला जाऊ नये, तोवर तिचं व्हायचं ते झालेलं असतं.

तुझ्या घासाघिशीचं उत्तर यातच आलं. वोखेनमार्क्टला भाव करत नाहीत. करायला गेलीस तर समोरचा चिडत नाही, फक्त गोंधळतो, तू पाहिलंसच. तिथे सवलत भावात मिळत नाही, ती ओळखीतून मिळते: वजनाला काटा थोडा वर जाऊ देणं, पिशवीत एक जास्तीचं सफरचंद, चाखायला चेरी. दर आठवड्याला त्याच ठेल्यावर, जमल्यास त्याच वेळेला गेलीस तर महिन्याभरात हे सुरू होईल. म्हणून म्हटलं, त्याच बाईकडे जा. जी ओरडते तिचं लक्ष आपल्या मालावर असतं.

ठेला निवडताना आणखी एक बघ. काही ठेले शेतकऱ्यांचे असतात, काही व्यापाऱ्यांचे. 'आउस आयगेनेम आनबाऊ' अशी पाटी असेल तर माल स्वतःच्या शेतातला. अशा ठेल्यावर मार्चमध्ये टोमॅटो दिसायचे नाहीत, आणि माल मोजकाच असतो. व्यापाऱ्याकडे बारा महिने सगळं असतं, मुख्य बाजारातून उचललेलं. स्पेनमधला टोमॅटो त्याच्याकडून घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. तोच तुझ्या इमारतीखाली कमी पैशात मिळतो.

इथे नवऱ्याचं थोडं बरोबर आहे, तेवढं त्याला दे. कांदे, गाजरं, दूध, रोजचा साधा बटाटा यासाठी डिस्काउंट सुपरमार्केट स्वस्त पडतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. बाजार पाल्यासाठी, शेंगांसाठी, हंगामाच्या फळांसाठी. जानेवारीत बाजार केविलवाणा असतो, कोबी, बीट आणि गारठलेली माणसं. तेव्हा नाही गेलीस तरी चालेल. गेलीस तर 'श्पिट्सकोल', म्हणजे टोकदार कोबी, तेवढा घेऊन ये. आपल्या चणाडाळीच्या भाजीला गोल कोबीपेक्षा तो कितीतरी कोवळा. शरद ऋतूत केशरी 'होक्काइडो' भोपळा येतो, सालीसकट शिजतो, आणि त्याचे घारगे इतके सुरेख होतात की गूळ कमी घालावा लागतो.

पण सासूबाई मे ते जुलै असणार, म्हणजे तू नशीबवान आहेस. मे महिन्यात सगळं शहर पांढऱ्या श्पार्गेलमागे, म्हणजे अ‍ॅस्परॅगसमागे, वेडं असतं, इथल्या जवळच्या बेलित्सचा तर नावाजलेला. जुनी रीत अशी की २४ जूनला श्पार्गेल आणि रुबार्ब दोन्हींचा हंगाम बंद. एकदा चाखा जरूर. माझं मत विचारशील तर आपल्या जिभेला पांढरा पाणचट लागतो. हिरवा घे, तिरके तुकडे कर, शेंगदाण्याचं कूट आणि ओलं खोबरं घालून परत. जूनमध्ये मटाराच्या शेंगा येतात, त्या सोलायला सासूबाईंना बाल्कनीत बसवून द्या, त्यांचाही वेळ जाईल. स्ट्रॉबेरी शेतातून त्याच दिवशी आलेली असते, फ्रिजमध्ये ठेवायची नाही, त्याच दिवशी संपवायची. मग हाफेलकाठच्या वेर्डरकडच्या चेरी. आणि जूनच्या शेवटी कच्च्या, कडक गूजबेरी, 'श्टाखेलबेरं'. मोहरी-मिरचीची पूड घालून त्यांचं लोणचं करून बघ, करवंदाच्या लोणच्याची तहान बरीच भागते. जुलैत फरसबी, आणि लोणच्याच्या छोट्या काकड्या, ज्यांच्यासाठी जवळचा श्प्रेवाल्ड प्रसिद्ध आहे. ते लोक त्या शेपू घालून खारवतात. आपण सरळ चोचवून दाण्याचं कूट घालावं, कोवळ्या असतात.

आता "येताना काय आणू". हे नीट वाच आणि त्यांना आजच फोन कर. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला ताजी फळं, भाज्या, पानं, रोपं आणायची तर वनस्पती-आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे नारळ आणला तर चालेल, पण कढीपत्त्याची जुडी, अळूची पानं, पेटीतून चार हापूस, दारची लिंबं, यांतलं काही नाही. हे लोक उगाच कडक नाहीत. २०१४ मध्ये भारतातून आलेल्या मालात फळमाशीसारख्या किडी सापडल्या म्हणून युरोपने आपला आंबा, अळू, कारली, वांगी, पडवळ यांची आयातच थांबवली होती. आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली. दुसरं, दुधाचे पदार्थही सामानातून आणायला बंदी आहे. घरचं तूप, खवा, पेढे, सगळं त्यात आलं. तूप इथे करायला फार सोपं आहे, लोणी उत्तम मिळतं, सासूबाईंना आल्यावर कढवू दे. त्यांनी काय आणावं तर गोडा मसाला, काळा मसाला, कुळीथ पीठ, मेतकूट, आमसुलं, वाळवलेल्या गवारीच्या चिरक्या. आमसुलं जास्त आण म्हणावं.

सासूबाईंना घेऊन बाजारात जाशील तेव्हा त्या टोमॅटोला हात लावणारच. त्यांना आधी समजावून सांग, पण सांगूनही लावतील. म्हणून पहिल्यांदा त्यांना माइबाखउफरला ने, तिथे हात मोकळे होऊ देत. शार्लोटेनबुर्गच्या बाजारात तुझी ओळख तोवर झालेली असेल, मग "या माझ्या सासूबाई, भारतातून आल्या" असं म्हणून पुढे कर. त्या बाईलाही सासू असेल.

बाकी किरकोळ. तुझा बाजार बुधवारी आणि शनिवारी असतो, शनिवारी सकाळी लवकर गेलीस तर गर्दी कमी. रोख पैसे घेऊन जा, कारण सगळ्या ठेल्यांवर कार्ड चालत नाही, आणि सकाळी सकाळी पन्नासची नोट काढू नकोस, सुट्ट्यावरून पुन्हा ऐकून घ्यावं लागेल. पिशव्या घरून ने. चाकांची ओढायची पिशवी घेतलीस तर बटाट्याचं ओझं वाचेल, नवरा हसला तर त्याच्याच हातात दे. आणि मे महिन्यात सुट्ट्या फार येतात. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी बाजार भरत नाही, दुकानंही बंद, रविवार तर नेहमीचाच. तेव्हा कॅलेंडर बघून आदल्या दिवशी पालेभाजी आणून ठेव.